‘कॅनडा १९५३’ हे साल कशाचं? जुन्या धनुष्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आमच्या दुकानातल्या एका जुन्या अमेरिकन धनुष्याचा फोटो छापून आला आणि पत्रं सुरू झाली. काही पोस्टाने आली, काहीजण सोलापूरच्या नव्या पेठेत येऊन गल्ल्यावर चिठ्ठी ठेवून गेले. मी स्वतः तिरंदाज नाही. माझे वडील खेळाच्या सामानाचे फिरते विक्रेते होते, मी दुकान चालवते आणि धनुष्यं दुरुस्त करते. त्यामुळे नेम कसा साधायचा हे मला विचारू नका. धनुष्य कोणी केलं, कोणी विकलं आणि आता त्याचं काय करायचं, एवढं मात्र सांगू शकेन.

प्रश्न : ताई, माझे थोरले काका सत्तरीच्या दशकात शिकायला मिशिगनला होते. येताना त्यांनी एक धनुष्य आणलं होतं. परवा घर रंगवायला काढलं तेव्हा ते माळ्यावर सापडलं. त्यावर ‘बेअर’, ‘कोडियाक मॅग्नम’, ‘एएमओ ५२ इंच’, ‘४५ एक्स’ आणि बारीक अक्षरांत ‘कॅनडा १९५३’ असं आहे. हे १९५३ सालचं आहे का? माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, शाळेत तिरंदाजी शिकतो. त्याला वापरायला देऊ का? आणि विकायचं ठरवलं तर किती येतील? (वाचक, दमाणी नगर)

आधी सालाचं बघू, कारण या एका ओळीने जगभरचे लोक फसलेले आहेत. ‘कॅनडा १९५३’ हे पेटंटचं साल आहे. फ्रेड बेअरच्या कंपनीने आपल्या बांधणीचं पेटंट घेतलं, कॅनडाची नोंद १९५३ची, आणि पुढे वर्षानुवर्षं ती ओळ त्यांच्या धनुष्यांवर छापली गेली. आपल्या चादरीच्या कोपऱ्यावरच्या लेबलवर कारखान्याच्या स्थापनेचं साल असतं. म्हणून ती चादर त्या साली विणली असं आपण म्हणतो का?

मग खरं साल कसं काढायचं? तुम्ही फोटो नीट पाठवलेत म्हणून सांगता येतं. कोडियाक मॅग्नम हा ५२ इंची आखूड नमुनाच साठीच्या दशकातला, म्हणजे १९५३ तिथेच गळालं. ‘एएमओ’ म्हणजे अमेरिकेतल्या धनुष्यं बनवणाऱ्यांची संघटना. लांबी कशी मोजायची याचा तिने सगळ्यांसाठी एक नियम घालून दिला. ती अक्षरं साधारण साठीच्या दशकाच्या मध्यापासून दिसू लागतात. तिसरी खूण फोटोत दिसणारं ‘ग्रेलिंग, मिशिगन’ हे कारखान्याच्या गावाचं नाव. कंपनी १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेली, म्हणजे तुमचं धनुष्य त्याच्या आधीचं. चौथी खूण मला सगळ्यात आवडते. मुठीच्या वर लाकडात एक लहानसं धातूचं नाणं बसवलंय, पाहिलंत? १९५९ पासून बेअर ते बसवू लागले. सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत ते लाकडाच्या पातळीत घासून बसवत, नंतर उठावाचं आलं. तुमचं नाणं सपाट आहे. त्यावरून बोट फिरवा, कुठे अडकणार नाही. म्हणजे १९६५च्या आसपासपासून १९७२पर्यंतचा काळ. काका मिशिगनला गेले तेव्हा ते कोणाच्या तरी हातून वापरलेलं घेतलं असावं किंवा दुकानात पडून राहिलेलं. याहून बारीक साल हवं असेल तर मुठीचं लाकूड आणि बाहेरच्या फायबरग्लासचा रंग त्या-त्या वर्षीच्या कॅटलॉगशी ताडून बघावा लागतो. त्या कॅटलॉगांबद्दल पुढच्या उत्तरात सविस्तर येईलच.

‘४५ एक्स’ म्हणजे दोरी २८ इंच ओढली की हातावर ४५ पाउंडांहून किंचित जास्त ताण येतो. म्हणूनच मुलाला देऊ नका. शिकणाऱ्या मुलाला वीस-बावीस पाउंड पुष्कळ होतात. तो पूर्ण २८ इंच ओढणार नाही, इंचामागे दोन-तीन पाउंड कमी होतील, तरीही ते त्याच्या खांद्याला झेपणारं नाही. शिवाय ते शिकारीसाठी केलेलं आखूड धनुष्य आहे. पूर्ण ओढल्यावर दोरीचा कोन इतका चिंचोळा होतो की बोटं चिमटतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यापासून शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, आणि निशाण्यावर नेम धरायला हे धनुष्य सोयीचं नाही.

तुम्हाला स्वतःला दोरी चढवून बघायचं असेल तर घाई करू नका. सोलापुरात पत्र्याखालच्या माळ्यावर एप्रिल-मेमध्ये काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. तिथे हे धनुष्य चाळीस उन्हाळे पडलं होतं. आत लाकडाच्या पातळ पट्ट्या आणि बाहेरून फायबरग्लास, सगळं सरसावर तोललेलं. उन्हाने सरस सुटतो. कापसाचा बोळा घ्या आणि दोन्ही लिम्बवरून (मैदानावर मुलं धनुष्याच्या बाहूंना हेच म्हणतात) हळू फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे भिंग धरा. लांबीच्या दिशेने केसासारख्या रेषा असतील तर बहुतेक वेळा त्या वरवरच्या असतात. आडवी चीर दिसली तर ते धनुष्य भिंतीवर टांगायचं, ओढायचं नाही. कडेला पट्ट्या सुटून फट पडली असेल तरी तसंच.

दोरी चढवताना दोन्ही टोकांना अडकवायची स्ट्रिंगरची दोरी वापरा. पायात अडकवून वाकवू नका. चोवीस वर्षांची असताना मी तशीच एक दोरी चढवली होती. खालचा लिम्ब पिळला गेला आणि गिऱ्हाइकाचं धनुष्य कायमचं वाकडं झालं. वडील काही बोलले नाहीत, फक्त भरपाईची रक्कम माझ्या नावावर वहीत लिहिली. दोरी डॅक्रॉनचीच (थोडा ताणणारा पॉलिएस्टर धागा) घ्या, ४९ इंची. एएमओच्या नियमाप्रमाणे दोरी धनुष्याच्या लांबीपेक्षा तीन इंच कमी असते. हल्लीच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा झटका जुन्या टोकांना सोसत नाही. चढवल्यावर धनुष्य नाकासमोर उभं धरून बघा, दोरी दोन्ही लिम्बच्या मधोमध दिसली पाहिजे. आणि बाण लावल्याशिवाय दोरी ओढून सोडायची नाही, एकदासुद्धा नाही. बाणात जायची ती सगळी ताकद लाकडात परत येते.

किमतीचं विचारलंत. आडवी चीर, पिळलेला लिम्ब, गेलेलं नाणं किंवा मुठीवर कुणी मारलेलं नवं वार्निश, यातलं एक जरी असलं तरी हौशी माणूस हात आखडता घेतो. तुमच्या जागी मी असते तर विकलं नसतं. काकांचं नाव आणि ते आणल्याचं साल एका कागदावर लिहून सोबत बांधून ठेवलं असतं.

प्रश्न : मी तीस वर्षं औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून फिरलो. तुमच्या वडिलांचा उल्लेख वाचून उत्सुकता वाटली. अमेरिकेतल्या धनुष्याच्या कंपन्यांनाही आमच्यासारखे प्रतिनिधी होते का? धनुष्यासारखी वस्तू दारोदार विकायची कशी? (निवृत्त वाचक, बार्शी)

साहेब, हा प्रश्न माझ्या मनातला आहे.

या कंपन्यांच्या इतिहासात नावं कारागिरांची येतात. विक्रीचं काम कुणी केलं ते फार कमी येतं. पण फ्रेड बेअर या माणसाकडे बघा. जन्म १९०२चा, पेनसिल्व्हेनियाचा. डेट्रॉइटला मोटारधंद्यात साचे करणारा कारागीर. तिथे त्याने आर्ट यंग नावाच्या तिरंदाजाची अलास्कातली शिकारीची फिल्म पाहिली आणि त्याच्याकडूनच धनुष्य घडवायला शिकला. १९३३ मध्ये, ऐन मंदीत, एका मित्राबरोबर गॅरेजात धंदा सुरू केला. पोट कशावर भरत होतं? मोटार कंपन्यांच्या जाहिराती कापडावर, कागदावर छापून देण्यावर. धनुष्यं कोपऱ्यात. म्हणजे जाहिरात म्हणजे काय हे तो धनुष्याच्या आधी शिकला. पुढे छपाई मित्राकडे गेली, धनुष्यं याच्याकडे राहिली, आणि १९४७ मध्ये ग्रेलिंगला कारखाना झाला.

त्याच्यापुढची अडचण तुम्हाला लगेच कळेल. औषध घ्यायला रोगी असतो. धनुष्य घ्यायला कोण येणार? शिकारीसाठी बंदूक होती. म्हणून आधी गिऱ्हाईक तयार करावं लागलं. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम फक्त धनुष्यवाल्यांसाठी ठेवला. महायुद्धानंतर एकामागून एक राज्यांनी तसे हंगाम सुरू केले. हंगाम आला की दुकानदाराला कपाटात धनुष्य ठेवायचं कारण मिळतं. बेअर स्वतः शिकारीला जायचा, त्याची फिल्म करून आणायचा आणि ती क्लबांमध्ये, खेळसामानाच्या प्रदर्शनांत दाखवायचा. माझ्या लेखी कंपनीचा पहिला आणि सगळ्यात पक्का प्रतिनिधी तोच.

दक्षिणेत आर्कान्सॉमधल्या पाइन ब्लफला बेन पिअर्सन होता. तो धनुष्याकडे गिरणीमालकाच्या नजरेने बघत होता. कारागिराने एकेक घडवायचं हे त्याने सोडलं आणि यंत्रावर ढीगाने माल काढायला सुरुवात केली, शाळेच्या मुलाच्या खिशाला परवडेल असा. हातमाग आणि गिरणी यांतला फरक सोलापूरकराला मी समजवायला नको. ढीगाने माल निघाला की तो खपवायला माणसं लागतात. पिअर्सनचा माल हार्डवेअरच्या दुकानात मिळायचा, खिळ्यांच्या बरण्यांशेजारी. मोठमोठ्या दुकानांनी अशा कारखान्यांकडून धनुष्यं बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकली. म्हणून आज कुणी विचारतं की या नावाचा कारखाना कुठे होता, तर कित्येकदा उत्तर असं असतं की कारखाना नव्हताच, नाव दुकानाचं होतं.

अमेरिकेत खेळसामान विकणारे बरेच प्रतिनिधी कंपनीचे पगारी नोकर नव्हते. चार-पाच कारखान्यांचा एकमेकांना न मारणारा माल एकच माणूस धरायचा, आपल्या मुलखात फिरायचा आणि ऑर्डरीवर कमिशन घ्यायचा. माझे वडीलही तसेच. फाळणीनंतर सियालकोटहून आलेल्या कारागिरांनी जालंधर आणि मेरठमध्ये हा धंदा पुन्हा उभा केला. तिथल्या दोन-तीन कारखान्यांचा माल वडिलांकडे होता. सोलापूर, पंढरपूर, बार्शी, तुळजापूर, उस्मानाबाद, लातूर, आणि पलीकडे गुलबर्गा, विजापूर. तपकिरी रेक्झिनची बॅग, तीत नमुने, दरपत्रक आणि कार्बन घातलेली ऑर्डरबुकं. एसटीच्या टपावर हॉकी स्टिक्सचा भारा.

मी आठ-नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ते मला तुळजापूरला घेऊन गेले. देवीचं दर्शन आणि एका दुकानाची फेरी. दुकानदार चहा मागवून वडिलांशी गल्ल्यावरून बोलत होता, पण वडिलांचं लक्ष त्याच्या मागच्या कपाटाकडे होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, ‘गल्ला बघून काय कळणार? कपाट बघायचं. मागच्या जूनमधल्या तीन कॅरम अजून तिथेच आहेत, म्हणून आज कॅरमचं नाव काढलं नाही.’ त्यांनी त्या दिवशी फक्त रिंग आणि दोरउड्या लिहून घेतल्या. दुकानदार कार्बनची प्रत घडी करून खिशात ठेवताना खूश दिसत होता.

धनुष्याच्या प्रतिनिधीलाही हेच करावं लागत असणार. एकाच नमुन्याचं धनुष्य ३० पाउंडी, ३५ पाउंडी असं चढत्या भाजणीने यायचं, डावऱ्यांसाठी वेगळं. दुकानदाराकडे नेमके कुठले पाउंड पडून राहतात हे ज्याला कळतं, त्यालाच पुन्हा ऑर्डर मिळते.

मग १९६७-६८ साल आलं. या दोन वर्षांत मोठी घरं विकली गेली. पिअर्सनची कंपनी १९६७ मध्ये लीझर ग्रुपने घेतली. १९६८ मध्ये बेअरची कंपनी व्हिक्टर कॉम्प्टोमीटरकडे गेली. हिशेबाची यंत्रं करणारी कंपनी! गिरणीच्या हपिसात बेरजांचं यंत्र ज्यांनी वापरलंय त्यांना हे नाव ओळखीचं वाटेल. टेक्सासमधलं बॉब लीचं ‘विंग’ त्याच सुमारास स्कीइंगचं सामान करणाऱ्या हेड कंपनीकडे गेलं. पाठोपाठ, डिसेंबर १९६९ मध्ये मिसूरीच्या हॉलिस अ‍ॅलनला चाकांच्या धनुष्याचं पेटंट मिळालं. ते कंपाउंड. पूर्ण ओढल्यावर हातावरचा ताण उतरतो, असं धनुष्य. दहा वर्षांत बाजार फिरला. साध्या लाकडी-काचेच्या धनुष्यांचे कितीतरी छोटे कारखाने मिटले. ग्रेलिंगला संप झाला आणि कारखाना फ्लोरिडाला हलला. संप, मालक बदलणं, भोंगा बंद होणं, हे वाचताना मला मिशिगन लांबचं वाटत नाही.

मालक बदलला की पहिला वार फिरत्या माणसाच्या कमिशनवर होतो. वडिलांच्या एका कारखान्याचा मालक बदलला तेव्हा नव्या माणसाने पत्र पाठवलं की यापुढे जुन्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरीवर कमिशन मिळणार नाही, ती आता कंपनीची. सतरा वर्षं एसटीने फिरून जमवलेली गिऱ्हाइकं. वडिलांनी ते पत्र फाडलं नाही, फाइलला लावलं. तुमच्याही वाट्याला असं काही आलं असेल तर जरूर लिहा. या अन्यायाबद्दल आपल्याकडे कुणी लिहीत नाही.

आणि आता त्या कॅटलॉगांचं. आज जुन्या धनुष्याचं साल ठरवायला संग्राहक ज्यावर विसंबतात ते हेच कॅटलॉग आणि दरपत्रकं, जे प्रतिनिधी दुकानदाराच्या काउंटरवर ठेवून जायचे आणि पुढच्या वर्षी नवं आलं की दुकानदार फेकून द्यायचा. कारखान्यांच्या नोंदी हस्तांतरात गेल्या असतील, पण कुठल्याशा हार्डवेअरवाल्याच्या खणात एक प्रत उरते आणि तीवरून कळतं की अमुक साली मूठ अमुक लाकडाची होती.

प्रश्न : माझ्या आजोबांनी गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यातल्या लिलावात एक लोखंडी धनुष्य घेतलं होतं. नळीसारखं पोकळ आहे, ‘अपोलो’ असं लिहिलंय. वरून काही खराब दिसत नाही. वापरता येईल का? (वाचक, पंढरपूर)

नाही. कृपा करून नाही.

हे इंग्लंडमधलं आहे, बर्मिंगहॅमजवळच्या ओल्डबरीचं, अ‍ॅकल्स अँड पोलॉक कंपनीचं. त्यांचा मूळ धंदा पोलादी नळ्यांचा. गोल्फच्या काठ्यांसाठी नळ्या करता करता त्यांनी धनुष्यं आणि बाणही केले. लाकूड ओल धरतं, उन्हात वाकतं, म्हणून त्या काळी पोलाद मोठी सोय वाटली. पण पोकळ नळी आतून गंजते आणि बाहेरचा रंग चकचकीत राहतो. लाकूड मोडायच्या आधी करकरतं, इशारा देतं. पोलादाची नळी इशारा देत नाही, ओढलेल्या अवस्थेत एकदम तुटते, आणि ती तुटते तेव्हा तुमचा चेहरा तिच्याजवळ असतो. दोरी काढून ठेवा आणि भिंतीवर लावा. घरातल्या मुलांना आजोबांची गोष्ट सांगा, पण हात लावू देऊ नका.

प्रश्न : आमच्या सरांकडे जुने अ‍ॅल्युमिनियमचे बाण आहेत. त्यावर १७१६ असा आकडा आहे. ते सालच वाटतं, पण तेवढे जुने कसे असतील? आणि ऑलिंपिकमध्ये तिरंदाजी सतत होती का? (विद्यार्थिनी, इयत्ता नववी, जुळे सोलापूर)

बेटा, शंका घेतलीस ते छान केलंस. १७१६ साली मराठी मुलखात शाहू महाराजांची कारकीर्द चालू होती, तेव्हा अ‍ॅल्युमिनियम कुणी पाहिलंही नव्हतं.

तो आकडा दोन तुकड्यांत वाच. पहिले १७ म्हणजे बाणाची जाडी, एका इंचाचे चौसष्ट भाग केले तर त्यातले सतरा. पुढचे १६ म्हणजे नळीच्या भिंतीची जाडी, इंचाच्या हजार भागांतले सोळा. २११७ असेल तर जाडी एकवीस, भिंत सतरा. एवढ्या चार आकड्यांतून बाण किती ताठ आणि किती जड ते कळतं. कॅलिफोर्नियात डग ईस्टन नावाच्या माणसाने १९२२ पासून लाकडी बाण करायला सुरुवात केली होती. दोन लाकडं कधीच सारखी नसतात, म्हणून बारा बाण बारा तऱ्हेने उडायचे, याचा त्याला त्रास व्हायचा. १९३९ मध्ये तो अ‍ॅल्युमिनियमकडे वळला. सरांचे बाण वापरायच्या आधी सपाट काचेवर लोळवून बघ. जो उड्या मारेल तो वाकलेला, तो बाजूला ठेव.

तू ऑलिंपिकबद्दलही विचारलंयस. १९२० नंतर तिरंदाजी ऑलिंपिकमधून गेली आणि थेट १९७२ ला म्युनिकमध्ये परत आली. बावन्न वर्षांनी! त्या मधल्या काळात सेंट लुइसचा अर्ल हॉइट हा माणूस निशाणेबाजीचीच धनुष्यं सुधारत बसला होता. बाण सुटताना धनुष्य हातात वळू नये म्हणून पुढे जो दांडा लावतात तो स्टॅबिलायझर त्यानेच साठीच्या दशकात रूढ केला. जपानची यामाहा, ती पेटी-पियानोवाली, तीही १९५९ पासून २००२ पर्यंत धनुष्यं करत होती. आणि आपल्या शेजारच्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली तेव्हा सतरा वर्षांची होती. तुझ्या आत्ताच्या वयाहून तीनेक वर्षांनीच मोठी.

प्रश्न : माझे सासरे खेळाच्या सामानाचे एजंट होते. त्यांची एक ट्रंक आहे, दरपत्रकं, ऑर्डरबुकं, पोचपावत्या, सगळं. घर लहान आहे. रद्दीवाला उद्या येतो म्हणालाय. यातलं काही ठेवण्यासारखं असतं का? (वाचक, अक्कलकोट रोड)

वहिनी, हे उत्तर छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून मी तुम्हाला पत्र मिळाल्या दिवशीच कळवलं, आणि रद्दीवाल्याला परत पाठवलंत याबद्दल तुमचे मनापासून आभार. इतरांसाठी इथे लिहिते.

वडील गेले त्या वर्षी आम्ही दुकान लहान केलं. त्यांच्या कागदांची तीन पोती होती. जालंधर-मेरठची दरपत्रकं, शाळांच्या मागणीपत्रांच्या प्रती, तो कमिशनचा कागद आणि अमेरिकेतून आलेल्या एका इंजिनिअरने त्यांना हौसेने दिलेले धनुष्यांचे कॅटलॉग. वडील ते कॅटलॉग दुपारी पोथीसारखे वाचायचे. इंग्रजी अडलं तर मला अर्थ विचारायचे. मी तिन्ही पोती किलोवर दिली. त्यांत काय गेलं हे मला पुढे पाच-सहा वर्षांनी कळलं, जेव्हा एकजण माझ्यासमोर धनुष्य धरून सालाचं विचारू लागला आणि मला ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं, फक्त हातात नव्हतं. हा तुटवडा मी आजपर्यंत भरून काढतेय. ओळखीतलं कुणी अमेरिकेला गेलं की मी साडी-चॉकलेट मागत नाही, जुने कॅटलॉग मागते. आता बावीस झाले आहेत.

तुम्ही काय करायचं ते सांगते. टाचण्या आणि क्लिपा काढा, त्यांचा गंज कागद खातो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा. वाळवलेला कडुनिंबाचा पाला ट्रंकेत घाला, ट्रंक जमिनीपासून विटांवर उचलून ठेवा, म्हणजे वाळवी लगेच दिसते. प्रत्येक गठ्ठ्यावर पेन्सिलीने साल लिहा. सगळं ठेवायला जागा नसेल तर पोचपावत्या जाऊ द्या. दरपत्रकं आणि ऑर्डरबुकं जाऊ देऊ नका. दरपत्रकावरून कळतं काय विकायला होतं, ऑर्डरबुकावरून कळतं लोकांनी खरं काय घेतलं. ते एकत्र असले तर एका मुलखातल्या मुलांच्या खेळाचा इतिहास तुमच्या ट्रंकेत आहे. हवं तर घेऊन या, दुकानाच्या मागे माझ्याकडे एक गोदरेजचं कपाट रिकामं करून ठेवलंय. तुमच्या नावाची चिठ्ठी लावून जपेन, कधीही परत न्या.

माझ्याकडे वडिलांचं एकच ऑर्डरबुक उरलंय. ते आईच्या हार्मोनियमखाली टेकू म्हणून सरकवलेलं होतं, म्हणून वाचलं. १९७८चं. जून महिन्याच्या पानावर निळ्या कार्बनमध्ये एका खेडेगावच्या शाळेची ऑर्डर आहे: व्हॉलीबॉल २, लेझीम ४० जोड, धनुष्य बांबूचे ६, बाण ३ डझन. खाली वडिलांच्या हातचा शेरा आहे, ‘मास्तर म्हणतात मुली शिकणार. दोरी जादा ६ फुकट दिली.’